लाल रेघ आणि राजदूतचा फोर्क

मोटारसायकलीचें पुढील चाक कशानें धरलेलें असतें, असा प्रश्न कोणी केला असता, तर गेल्या वर्षापर्यंत आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां "दोन सरळ नळ्यांनीं" असें उत्तर दिलें असतें. विज्ञान शिकविण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं आहेत. शिवाय रोज शाळेंत येतों तेही मोटारसायकलीवरूनच. तेव्हां ह्या विषयांत आपणांस कोणी कांहीं शिकवील, असें मनांतही आलें नव्हतें.

विज्ञान-प्रदर्शनासाठीं नववीच्या मुलांकडून यंत्रांचे तक्ते मागविले होते. करवीर तालुक्यांतील एका खेड्याहून येणाऱ्या मुलानें मोटारसायकल काढून आणिली. रेखाटन सुबक होतें. परंतु पुढील चाकाशीं येतांच आमची दृष्टि अडखळली. हँडलाखालून निघालेल्या नळ्या आंसाकडे न जातां चाकाच्या मागच्या बाजूस उतरल्या होत्या, आणि तेथून आडवे बाहु पुढें येऊन आंसास मिळाले होते. "अरे, हा फोर्क मागें कोठें निघाला?" असें आम्ही हंसत म्हणालों. वर्गही हंसला. मुलगा खालीं मान घालून एवढेंच बोलला, "आजोबांची गाडी अशीच आहे, सर." आम्हीं त्या बाहूंवर लाल शाईची रेघ ओढिली व तक्ता प्रदर्शनांत ठेविला नाहीं.

पुढें नाताळाच्या सुटींत आमच्या गाडीच्या फोर्कमधून तेल गळूं लागलें, म्हणून शिवाजी उद्यमनगरांत एका मिस्त्रीकडे गेलों. तेथें भिंतीशीं एक जुनी राजदूत उभी होती. दुधाच्या किटल्या अडकविण्याचे आंकडे अजून तिच्या दोन्ही अंगांस होते. सहज पाहिलें, आणि त्या मुलाचा तक्ता लोखंडांत उतरून आमच्यापुढें उभा आहे असें वाटलें! तेच चाकामागें उतरलेले पाय, तेच पुढें आलेले बाहु.

आमचा चेहरा पाहून मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, म्होरचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी पुढं ढकला बघू." आम्हीं तसें केलें. प्रथम आमच्या गाडीवर केलें, तेव्हां तिनें नमस्कार केल्यासारखें नाक खालीं घातलें. मग राजदूतवर केलें. ती वांकली तर नाहींच, उलट किंचित् वर उचलली गेली.

ह्याचें कारण मात्र आम्हांस लगेच उमगलें. तेवढी पदार्थविज्ञानाची पुंजी शिल्लक होती. नेहमींच्या फोर्कांत एक नळी दुसरींत सरकते, आंत स्प्रिंग व तेल असतें. ह्या नळ्यांवर तीन कामें एकदम पडतात : चाक वळविणें, खड्ड्यांचे धक्के झेलणें, आणि ब्रेकचा जोर सोसणें. ब्रेक दाबला कीं भार पुढें येतो, नळ्या आंत जातात, आणि नेमका त्याच वेळीं खड्डा आला तर झेलावयास जागा थोडीच उरते. राजदूतच्या रचनेंत ब्रेकची तबकडी बाहूस जखडलेली असते. फिरतें चाक थांबतांना त्या बाहूसही आपल्याबरोबर फिरवूं पाहतें. त्यानें बाहूचें पुढचें टोंक खालीं दाबलें जातें, म्हणजेच गाडीचें नाक वर राहतें.

ही युक्ति अर्नेस्ट अर्ल्स ह्या इंग्रज गृहस्थाच्या नांवानें ओळखिली जाते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें १९३५ साली तेलाच्या सरकत्या नळ्या प्रचारांत आणिल्या, आणि त्याच कंपनीनें १९५५ पासून १९६९ पर्यंत त्या बाजूस ठेवून अर्ल्सचा फोर्क वापरिला, हें नवल नव्हे काय? आमच्याकडे तो पोलंडमार्गें आला. तेथील एसएचएल एम-११ ह्या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत राजदूत काढिली. पुण्याजवळ आकुर्डीस १९७२ पासून निघालेल्या बजाज चेतकची गोष्ट तर आणखी निराळी : तिचें पुढील चाक एकाच बाजूनें धरलेलें. ती मूळची कोराडिनो दास्कानिओ ह्या विमानें रचणाऱ्या इटालियन अभियंत्याच्या १९४६ च्या व्हेस्पाची कल्पना. म्हणजे कोल्हापुरांत अर्धे लोक 'चुकीच्या' चाकांवरून फिरत होते, आणि आम्ही शिक्षक असून तें पाहिलें नाहीं.

अर्ल्सचा फोर्क मागें कां पडला, हेंही सांगितलें पाहिजे. तो जड असतो, त्यामुळें हँडल वळवितांना सुस्ती जाणवते; बाहूच्या सांध्यांतील बुश झिजले कीं चाक डुलूं लागतें. सरकत्या नळ्या हलक्या व दिसण्यास सुटसुटीत. तरीही ब्रेकचें व धक्क्यांचें काम वेगळें करण्याचा ध्यास संपलेला नाहीं. बीएमडब्ल्यूनेंच १९९३ साली टेलिलिव्हर नांवाची रचना आणून स्प्रिंगेचें काम पुन्हां एका बाहूकडे सोंपविलें.

परंतु आम्हांस खरी टोंचणी निराळीच लागली. आमचे वडीलही शिक्षक होते, आणि त्यांची गाडी राजदूत होती. लहानपणीं तिच्या टाकीवर बसून आम्ही किती वेळां गांवोगांव गेलों असूं! पुढें ती आम्हींच भंगारांत विकली. घरीं बैठकीच्या भिंतीवर वडिलांचें त्या गाडीसह काढलेलें छायाचित्र आहे. त्या रात्रीं दिव्याखालीं नेऊन पाहिलें : चाकामागून आलेला बाहु स्वच्छ दिसत होता. तें चित्र आम्ही रोज पाहतों.

सुटी संपल्यावर त्याच वर्गांत, सर्वांसमोर, तक्ता बरोबर होता व आम्ही चुकलों असें सांगितलें. लाल शाई पुसली जाईना, म्हणून शेजारीं 'बरोबर' असें लिहून सही केली. मुलानें तक्ता हातांत घेतला, पाहिला, आणि परत मेजावर ठेविला. "प्रदर्शन तर झालं, सर," तो म्हणाला. त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

आठ दिवसांनीं त्याचे आजोबा त्याच राजदूतवरून फाटकाशीं आले. डोक्यास पटका, मागें दोन रिकाम्या किटल्या. रागवावयास आले असतील अशा समजुतीनें आम्ही लगबगीनें बाहेर गेलों. म्हातारे गाडीवरून न उतरतांच म्हणाले, "गुरुजी, पोराचा त्यो तक्ता मला द्या. गोठ्यात लावतो." आम्ही म्हणालों, दुसरा स्वच्छ काढून देण्यास सांगतों. "नगं," ते म्हणाले, "हाय त्योच द्या. तुमची सही हाय न्हवं त्यावर."