चार हात जमीन

मृगाचा पहिला पाऊस नुकताच होऊन गेला होता. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर दर्शन आटोपून मी टेकडीवर पायी फिरायला निघालो. गळ्यात नवा डिजिटल कॅमेरा होता. त्यावरची लेन्स मात्र वडिलांच्या जुन्या झेनिट कॅमेऱ्याची, ५८ मिलिमीटरची रशियन हेलिओस. मध्ये ॲडॅप्टरची कडी घातली की ती नव्या कॅमेऱ्यावर बसते. पण कॅमेऱ्याला तिची ओळख पटत नाही. प्रकाश किती घ्यावा, किती अंतरावरचे स्पष्ट दिसावे, हे लेन्सवरची कडी फिरवून आपणच ठरवायचे.

ओल्या मातीतून मृगाचे किडे बाहेर पडले होते. लाल मखमलीचे जणू ठिपकेच. मी वाकलो आणि ॲपर्चर २ या आकड्यापर्यंत पूर्ण उघडले. अर्ध्या मीटरवरून, म्हणजे या लेन्सच्या सर्वांत जवळच्या अंतरावरून, अशा वेळी जेमतेम सेंटिमीटरभर खोलीचाच भाग स्पष्ट येतो; मागेपुढे सारे धूसर. किडा चालत होता आणि दर क्षणी त्या पट्ट्यातून निसटत होता. अशा वेळी कडी फिरवत राहण्यापेक्षा स्वतःच किंचित मागेपुढे होणे सोपे पडते. डोळा न काढता मी एक पाऊल मागे सरकलो. चित्र स्पष्ट झाले, बटण दाबले. पाय उचलून पाहिले, तर टाचेखाली दुसरा किडा चिरडला होता.

मन एकदम खाली बसले. आपले मुनिराज ईर्यासमिती पाळतात. पुढची चार हात जमीन पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मी गृहस्थ, तितके मला साधणार नाही. पण पायाखाली पाहणे तर साधले असते! आणि हे घडले तेही नेमिनाथांच्या टेकडीवर. विवाहाला निघालेल्या नेमिकुमारांची दृष्टी रथातून जाता जाता कोंडलेल्या पशूंवर पडली आणि रथ माघारी फिरला. वाटेच्या कडेचे दुःखही त्यांच्या दृष्टीतून सुटले नाही. मला माझ्याच टाचेखालचे दिसले नाही, कारण मी सुंदर तेवढेच पाहत होतो. मनोमन ‘मिच्छा मे दुक्कडं’ म्हटले.

दोष लेन्सचा नव्हता. उलट पुढचा तासभर तिनेच मला शिकवले. आधी जागा निरखली, मोकळा खडक पाहून बसलो. अंतराची कडी अर्ध्या मीटरवर ठेवली, ॲपर्चर ८ वर आणले. आता तीन-चार सेंटिमीटर खोली स्पष्ट दिसू लागली. किड्यासोबत त्याच्या भोवतीची माती आणि गवताचा कोंबही. मग हात न हलवता वाट पाहिली. किडा आपल्या गतीने त्या अंतरात आला, तेव्हाच बटण दाबले.

वडिलांच्या वेळी रोलमध्ये छत्तीसच फोटो असत. ते बराच वेळ निश्चल उभे राहून मगच एक फोटो काढीत. लहानपणी मला ती काटकसर वाटे.

त्या दिवसापासून एक नियम घेतला आहे: डोळा कॅमेऱ्याला लागलेला असताना पाय हलवायचा नाही. नियम लहान आहे, पण त्यापायी कित्येक चांगली छायाचित्रे हुकतात. हुकू देतो. त्या दिवशीची दोन्ही छायाचित्रे मात्र जपून ठेवली आहेत. पहिले अधिक देखणे आले आहे. ते मी कुणाला दाखवत नाही.