मेमरी वाढवून भागत नाही

संपादकांनी बजावलं होतं, तांत्रिक शब्द कमी ठेवा, बडोद्यातल्या घरोघरच्या वाचकाला कळलं पाहिजे. प्रयत्न करतो. पण आमच्या शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या निकालाच्या पोर्टलचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, आणि ते ‘कॅश’चं नाव न घेता सांगता येत नाही.

पुन्हा पुन्हा लागणारी उत्तरं दर वेळी डेटाबेसकडून न मागवता मेमरीत हाताशी ठेवायची, ती जागा म्हणजे कॅश. आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची यंत्रणा उभी केली. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या तेव्हा खेडोपाडी जात. अख्खं मध्यवर्ती ग्रंथालय पेटीत मावणार नव्हतंच. गावात काय वाचलं जाईल हे ओळखून पेटी भरण्यातच कसब होतं. कॅशचंही तेच आहे.

निकालाच्या दिवशी ते पोर्टल कोलमडलं. तिथल्या मंडळींनी कॅशमधल्या नोंदींची मर्यादा दुप्पट केली आणि १६ जीबीच्या सर्व्हरवर, पोर्टल चालवणाऱ्या जावाला १४ जीबी मेमरी देऊन टाकली. पोर्टल आणखीच मंदावलं. मला बोलावलं, तेव्हा आधी लॉग वाचले. नको असलेला ऐवज जावा अधूनमधून मेमरीतून काढून टाकते. १४ जीबीची ती साफसफाई चालू असताना सगळं पोर्टल कित्येक सेकंद थबकत होतं. उरलेल्या २ जीबीत डेटाबेस घुसमटत होता.

पण मूळ दुखणं वेगळंच होतं. प्रत्येक मुलाची गुणपत्रिका कॅशमध्ये जात होती. ती तो मुलगा एकदा बघतो, फार तर दोनदा. अशा हजारो नोंदींच्या रेट्यात मेनू, अभ्यासक्रमांची नावं, वापरकर्त्यांचे हक्क या प्रत्येक पानाला लागणाऱ्या मोजक्या नोंदी बाहेर फेकल्या जात होत्या. गुणपत्रिका कॅशबाहेर ठेवल्या, सामायिक नोंदींना छोटासा वेगळा कप्पा दिला, जावाची मेमरी ६ जीबीवर आणली. पोर्टल सुरळीत चालू लागलं. त्यावर एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “नवा सर्व्हर कधी बसवलात?” हेच मला सलतं. विकत आणलेली वस्तू दिसते, केलेला विचार दिसत नाही.

जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग, हा समज फार चिवट आहे. तो मोडायला मी संगणकशास्त्रज्ञ लाझ्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६९ मधला दाखला कागदावर करून दाखवतो. वाचकांनीही करून पाहावा. पानं (म्हणजे मेमरीत ठेवायच्या नोंदी) या क्रमानं मागवा : १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. जागा भरली, की सर्वांत आधी आलेलं पान काढायचं. जागा ३ असतील, तर ९ वेळा पान बाहेरून आणावं लागतं. जागा ४ केल्या, तर १० वेळा! जागा वाढली आणि कामही वाढलं. आता नियम बदला : सर्वांत जास्त काळ न वापरलेलं पान काढा. मग ३ जागांना १० खेपा पडतात आणि ४ जागांना ८. या नियमात जागा वाढवल्यानं खेपा कधीच वाढत नाहीत. पण एकदाच येऊन जाणाऱ्या गर्दीपुढे हा शहाणा नियमही हतबल होतो. निकालाच्या पोर्टलवर हाच नियम लावलेला होता.

दुसरा गैरसमज टक्केवारीचा. शंभरातली ९९ उत्तरं कॅशमधून मिळत होती, आता ९८ मिळतात. एका टक्क्यानं काय बिघडतं, असं मला ऐकवलं जातं. डेटाबेसकडे आधी १ विचारणा जात होती, आता २ जातात. त्याचं काम दुप्पट झालं.

एवढं सगळं मोजता येतं. मोजता न येणारी गोष्ट त्याच पोर्टलवर, गुणपत्रिका कॅशबाहेर काढण्याआधी, दिसली होती. फेरतपासणीत उत्तीर्ण झालेल्या एका मुलीला दिवसभर ‘अनुत्तीर्ण’ असाच निकाल दिसत राहिला, कारण कॅशमधल्या नोंदीची मुदत तिथे २४ तासांची ठेवलेली होती. मुदत कमी केली की डेटाबेसवर ताण येतो, वाढवली की उत्तर शिळं होतं. किती शिळं चालेल, हे कोणतंही सूत्र सांगत नाही. मेनू दिवसभर जुना राहिला तर चालेल. निकाल मिनिटभरसुद्धा नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यापायी पोर्टल थोडं हळू चाललं तरी चालेल.

म्हणून ज्यांच्या सहीनं मेमरीची बिलं मंजूर होतात, त्यांनी आधी दोनच गोष्टी विचाराव्यात : शंभरातली किती उत्तरं कॅशमधून जातात, आणि त्यातलं सर्वांत जुनं उत्तर किती वेळापूर्वीचं आहे? ही उत्तरं ज्याच्याकडे नाहीत, त्याला मेमरी देऊ नये.