फाटकावरची नोंदवही

चौतीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर जी कामे न मागता मिळतात, त्यांत वसाहतीच्या समितीचा पत्रव्यवहार हे एक. पूर्व दिल्लीत पटपडगंजच्या बाजूला सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती एकीला एक लागून उभ्या आहेत. त्यांतल्या एकीत मी २०१८ पासून राहतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पंजाबी सचिव, तमिळ खजिनदार, दोन-चार बंगाली प्राध्यापक, आणि "आप तो क़ायदे के आदमी हैं" असे म्हणून ज्याच्या गळ्यात सगळी कागदपत्रे मारली जातात असा एखादा मराठी माणूस. समितीवर मी नव्हतो. पण पाण्याची तक्रार असो की दिव्याच्या खांबाची, सचिव कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे येत आणि भाषा जरा सरकारी करून द्या म्हणत. मलाही ते आवडत असे, हे कबूल केले पाहिजे. हातातून अधिकार गेला तरी मसुदे दुरुस्त करण्याची खोड जात नाही.

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू होता. दिवसभर आवारात चिटपाखरू नव्हते. सायंकाळी पाच वाजता प्रत्येकाने आपापल्या दारात किंवा सज्जात उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवायच्या होत्या. आमच्याकडे पहिली पाच मिनिटे तसे झालेही. मग कोणी शंख घेऊन खाली उतरले, पाठोपाठ मुले उतरली, मुलांना आवरायला आया उतरल्या, आणि साडेपाचच्या सुमारास साठ-सत्तर माणसे मधल्या हिरवळीवर खांद्याला खांदा लावून उभी होती. दिवसभर एकमेकांपासून लांब राहिल्याचा आनंद आम्ही एकत्र जमून साजरा केला. मीही स्टीलचे ताट घेऊन त्या घोळक्यात होतो.

दोन दिवसांनी, २४ मार्चच्या रात्री आठ वाजता, एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली निघालेला गृहमंत्रालयाचा आदेश मी त्याच रात्री वाचून काढला. सकाळी सचिव आलेच. वसाहतीसाठी एक सूचना हवी होती.

ती सूचना मी अर्ध्या तासात लिहिली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, गाड्या धुणारे, इस्त्रीवाला आणि वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा यांना आवारात प्रवेश "निषिद्ध" केला. अपवादाने येणाऱ्या प्रत्येकाची फाटकावरच्या वहीत नोंद व्हावी असे ठरवले: नाव, येण्याची वेळ, कोणाकडे, काम, जाण्याची वेळ. वहीचे रकाने मी स्वतः पट्टीने आखून दिले. रहिवाशांनी आवारात गर्दी करू नये अशी "विनंती" केली. निषिद्ध आणि विनंती हे दोन शब्द एकाच कागदावर कसे आले, याचा विचार तेव्हा मनात आला नाही. मसुदे लिहिण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ठाऊक असते, की असे शब्द विचार करून निवडावे लागत नाहीत. ज्याला अडवता येते त्याच्यासाठी लेखणी एक क्रियापद काढते, ज्याच्याशी उद्या बोलायचे असते त्याच्यासाठी दुसरे.

नोकरीत असताना कलम १४४ खालचे जमावबंदीचे आदेश मी कितीतरी वेळा काढले होते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा मी गुजरातेतच एका जिल्ह्यात होतो. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी भरलेल्या बसगाड्या आणि औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिनसाठी लागलेल्या रांगा मी पाहिल्या आहेत. पण त्या सगळ्या प्रसंगांत जमाव म्हणजे दुसरे कोणीतरी असे. आपण जीपमध्ये असतो, जमाव रस्त्यावर असतो. आपल्याच जिन्यावरच्या लोकांसाठी आदेश लिहिण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

आमचीही एक बैठक होतीच. कडुनिंबाखालच्या बाकावर रोज संध्याकाळी पाच निवृत्त माणसे बसत. त्यांत एक बंगाली प्राध्यापक होते. अख्खी वसाहत त्यांना दादा म्हणे आणि मीही म्हणे. मराठी तोंडाला या हाकेसाठी वेगळी सवय करावी लागत नाही. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी वारलेली, मुलगा कॅनडात. मालदा जिल्ह्यातून आलेली एक बाई अकरा वर्षे त्यांच्याकडे स्वयंपाक करीत होती. जवळच्या मंडावलीतल्या एका गल्लीत ती राहत असे. सकाळी सातला येई, दुपारी जाई, संध्याकाळी पुन्हा येई. दादांच्या साखरेच्या गोळ्या कोणत्या डबीत आहेत हे दादांपेक्षा तिला अधिक चांगले ठाऊक होते.

सूचना लागली आणि कडुनिंबाखालचा बाक रिकामा झाला. दहा दिवस आम्ही ते पाळले. ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावायचे होते, म्हणून आम्ही पाचही जण गच्चीवर गेलो. दिवे विझले तरी खाली उतरावेसे कोणालाच वाटेना. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला गच्चीवर प्लास्टिकच्या पाच खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. सहा-सहा फुटांवर मांडत असू, पण दादांना कानाने कमी ऐकू येई. बोलता बोलता खुर्च्या सरकत आणि आठवडाभरात त्या अंतराचे दोन फूट झाले. रामायणाचे भाग पुन्हा सुरू झाले होते, बोलायला विषय होते. शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवरही तेच दृश्य दिसे. कुठे पत्ते, कुठे योगासने, एका गच्चीवर तर कोणाचा तरी वाढदिवस.

बिहारमधून आलेला आमचा गार्ड एकदा विचारायला आला. वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी पायरवाची तक्रार केली होती. "साहब, छत नोटिस में है या नहीं?" मी म्हणालो, छत म्हणजे उघडी जागा आहे. तो "ठीक है" म्हणाला आणि गेला. त्याने वाद घातला असता तर मला बरे वाटले असते.

त्या दिवसांत एका शब्दाविषयी मी बराच विचार करीत असे. इंग्रजीतून आलेल्या "सोशल डिस्टन्सिंग"चे आपल्याकडे कुठे सामाजिक अंतर झाले, कुठे सामाजिक दूरी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच शारीरिक अंतर हा शब्द वापरायला सुरुवात केली होती, पण तोवर पहिला शब्द रुळून गेला होता. आपल्या देशात सामाजिक अंतर म्हटले की ते कोणी कोणापासून ठेवायचे हे सांगावे लागत नाही. पेला वेगळा, लिफ्ट वेगळी, बसायची जागा वेगळी, ही शिकवण विषाणूच्या कितीतरी आधीची आहे. आमच्या वसाहतीला नवे काहीच शिकावे लागले नाही. जुन्या गोष्टीला फक्त शास्त्राचा आधार मिळाला.

आणि अधिकाराचीही गंमत पाहावी. त्या वेळच्या भारतीय दंडसंहितेतील कलम १८८ खालच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागत असे. कलेक्टरच्या आदेशाविरुद्ध वर दाद मागता येते. आमच्या समितीपाशी मात्र कोणाला अडवण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, आणि नेमके त्याचमुळे तिच्या हुकमाविरुद्ध दाद मागायला जागाही नव्हती. १८९७ चा साथरोग कायदा मुळात चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी सोल्जर घरांत शिरले, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण सगळे शाळेत शिकलो. २०२० साली आमच्या आवारात सोल्जरांची गरज पडली नाही. फाटकावर एक गार्ड होता आणि त्याला वही आखून देणारा मी होतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गच्चीवरून उतरताना दादा माझ्याजवळ थांबले. शेजारच्या बायका पाळीपाळीने डबा पाठवीत होत्या, त्यांची तक्रार नव्हती. ते एवढेच म्हणाले, की त्या बाईला दिवसातून एकदा येऊ देता येईल का? ती विचारत असते. मी म्हणालो, "दादा, नियम तो सबके लिए एक है।" त्यांनी मान हलवली आणि उन्हाळा लवकर आला असे काहीतरी बोलून ते आपल्या दाराकडे वळले.

यापुढचे सांगणे मला जड जाते. २१ एप्रिलला गृहमंत्रालयाचे एक स्पष्टीकरण निघाले. आपल्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची शुश्रूषा आणि देखभाल करणाऱ्यांच्या सेवा टाळेबंदीतून सूट असलेल्या सेवांमध्येच मोडतात, असा त्याचा आशय होता. असे कागद वाचणारा वसाहतीत मी एकटाच. मी ते वाचले आणि बाई स्वयंपाकीण आहे, शुश्रूषा करणारी नव्हे, असा अर्थ मनाशी लावला. शब्द तसाच होता, अर्थ चुकीचा होता असे कोणी म्हणू शकले नसते. सूचनाफलकावर मी ते लावले नाही, सचिवांना सांगितले नाही, दादांना तर नाहीच. एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील, ही भीती फार जुनी आहे. मंत्रालयांपासून वसाहतींपर्यंत तिच्यावर किती फायली बंद झाल्या असतील!

२७ एप्रिलला पहाटे दादा झोपेतच गेले. वसाहतीतल्या डॉक्टरांनी हृदयविकार म्हणून दाखला दिला. आंतरराष्ट्रीय विमाने मार्चपासूनच बंद होती, त्यामुळे मुलगा फोनच्या पडद्यावरून सगळे पाहत होता. अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसे नकोत, असे पहिल्या आदेशातच होते. यादी करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. वीसच्या आत ठेवायची म्हणून कोणाला वगळावे याची मला काळजी होती. प्रत्यक्षात निगमबोध घाटावर यायला नऊ जण तयार झाले. महिनाभर गच्चीवर न चुकता येणाऱ्या आम्हा चौघांपैकी दोघांची नावे त्या नऊ जणांत नव्हती. त्यांनाही दोष देत नाही. त्या दिवसांत भीती कोणाला केव्हा गाठेल याचा नेम नव्हता.

साडेदहाच्या सुमारास गार्डचा फोन आला. बाई फाटकाबाहेर उभी होती. मी खाली गेलो. ती गजांच्या पलीकडे पदराने नाक-तोंड झाकून उभी होती. "अंकल, एक बार देख लें?" एवढेच म्हणाली. मी गार्डला म्हणालो, आत सोड. तो चुळबुळला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "साहब, लिखकर दे दीजिए।" महिन्यापूर्वी अपवाद लेखी असल्याशिवाय करू नये, हे मीच त्याला बजावले होते.

मी वर गेलो, कागद काढला, लिहिले. समितीची सूचना असल्याने सही सचिवांची हवी होती. ते शववाहिकेच्या गडबडीत मागच्या फाटकाशी होते. त्यांना शोधले. त्यांनी कागद वाचला, "मृतकाची देखभाल करणारी" हे शब्द पाहून क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सही केली. मी पुढच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. शववाहिका मागच्या फाटकाने निघून गेली होती आणि घाटावर जाणाऱ्या गाडीत माझी वाट पाहत बाकीचे बसले होते. वीसमध्ये अकरा जागा रिकाम्या होत्या. गाडीतल्यांपैकी कोणी तिला आपल्या शेजारी बसू दिले असते की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. संपल्यावर रद्दीत जात होती, मी मागून घेतली. त्या तारखेला एकच नोंद आहे. येण्याची वेळ ११.४०. "कोणाकडे" या रकान्यात गार्डने दादांच्या घराचा क्रमांक लिहिला आहे, आणि "काम" या रकान्यात, सवयीने असेल, "खाना बनाना".

दुसऱ्या दिवशी मी नवी सूचना लिहिली. ज्येष्ठांकडे काम करणाऱ्यांना, स्वयंपाक धरून, प्रवेश मोकळा केला. सहा घरांना त्याचा उपयोग झाला. गच्च्या आणि आवारात जमण्याबद्दल या वेळी मी "मनाई आहे" असे लिहिले होते; समितीने चर्चेअंती तेथे पुन्हा "विनंती" घातली. इतर घरांतल्या बायकांचा प्रश्न तसाच राहिला. ४ मेनंतर तो बहुतेक ठिकाणी वसाहतींच्या समित्यांवरच येऊन पडला, आणि आमच्या समितीने निर्णयाला पुरते दोन महिने लावले.

दादांच्या मुलाने फोनवर मला बाईचा हिशेब विचारायला सांगितले. कामगारांचे वेतन कापू नये असा आदेश गृहमंत्रालयाने २९ मार्चला काढला होता, पण तो कारखाने, दुकाने आणि व्यापारी आस्थापनांच्या मालकांना उद्देशून होता. घरांचा त्यात उल्लेख नव्हता. मी तिला फाटकाशी बोलावून विचारले. मार्चचे सहा दिवस बाकी आहेत, म्हणाली.

"और अप्रैल का?"

"अप्रैल में तो हम आए ही नहीं, अंकल।"

मी मुलाला दोन्ही महिन्यांचा पूर्ण आकडा कळवला. त्याने त्याच रात्री पैसे पाठवले.