आंबोलीच्या सड्यावरचा वाघपट्टी भेक

चंदगड म्हटले की आपल्या व्यापारी मंडळींना काजू आठवतो, भाविकांना रावळनाथ, आणि गडप्रेमींना पारगड. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे या तालुक्यात काढली. तेथून बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याने पश्चिमेस निघाले की शेते मागे पडून गर्द रान सुरू होते आणि सिंधुदुर्गाच्या हद्दीत आंबोली लागते. वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पावसाचे हे गाव धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर राहणाऱ्या एका चिमुकल्या जीवाविषयी मात्र शेजारच्या चंदगडकरांनाही फारसे ठाऊक नसते.

हा एक भेक आहे. बेडूक गुळगुळीत, लांब पायांचा, उड्या मारणारा. भेक खरबरीत कातडीचा, आखूड पायांचा, थोडा संथ. परसदारी दिसणारा भेक मळकट तपकिरी असतो, त्यामुळे या कुळाकडून रंगाची अपेक्षा कोणी करीत नाही. आंबोलीचा भेक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांचा, मोठ्या सुपारीएवढा. अंगाचा मूळ रंग ओल्या जांभ्याशी मिळताजुळता. पण त्यावर हळदीसारखे लख्ख पिवळे, वेडेवाकडे पट्टे. पट्टे दोन्ही अंगांना सारखे नसतात. एका कुशीची नक्षी दुसरीशी जुळत नाही. शास्त्रज्ञांना त्यात वाघ दिसला आणि 'झँथोफ्रायनी टायगरिना' हे नाव ठरले. ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा, फ्रायनी म्हणजे भेक.

सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आदी संशोधकांनी 2009 मध्ये ही जाती जगासमोर आणली. हिचा एकच सख्खा भाऊबंद आहे, कोयनेचा भेक. त्याचे वर्णन सोमण यांनी 1963 मध्ये केले होते. त्याच्याही अंगावर पिवळा रंग आहे, पण तो ठिपक्या-डागांचा, पट्टे आंबोलीकराचेच. पहिल्या पावसात शेतात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक आपण पाहतो. तो नराचा विणीच्या दिवसांतला तात्पुरता साज असतो. या भेकाचे पिवळेपण त्याच्या अंगचेच.

वीण होते ती सड्यावरच्या खळग्यांत. पावसाळ्याच्या आरंभी वीतभर लांबीची, काही बोटे खोलीची डबकी साचतात, त्यांतच मादी मोजकी अंडी घालते. इतर भेक हजारोंनी अंडी घालतात. येथे हिशेब डझनांत आहे. मधे चार दिवस ऊन पडले आणि खळगा आटला की सारी पिल्ले जातात. बँकवाल्याच्या नजरेने पाहावे तर सगळे भांडवल एकाच व्यवहारात गुंतवण्याचा हा प्रकार, आणि तोही हवामानाच्या भरवशावर!

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला अतिसंकटग्रस्त ठरवले आहे, कारण तिचा ज्ञात वावर अगदी थोड्या क्षेत्रापुरता आहे. नेमक्या याच आठवड्यांत पर्यटकांची रीघ लागते. गाड्या सड्यावर उभ्या राहतात, रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकांखाली येतात, आणि डबक्यात बूट धुणाऱ्याला आपण काय तुडवले हे कळतही नाही. आपल्याकडे चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात तो जमिनीवरच्या अशाच जीवांसाठी. आंबोलीचा मोसम मात्र तेव्हाच भरास येतो.

पाहायचाच असेल तर रात्री स्थानिक जाणकारासोबत जावे, गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच ठेवावी. विजेरी जमिनीलगत धरावी लागते; उभ्याने पाहिले तर तो दगडाचाच तुकडा वाटतो. उजेड कुशीवर आला, की पिवळे पट्टे दिसतात.