काकी उडाली

मी हैदराबादेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. निवृत्त झाल्यावर पेन सुटलं, खोड सुटली नाही. ती सगळी नातवाच्या वाट्याला आली, तेव्हा तो जेमतेम दीड वर्षाचा होता.

नातू बोलत नव्हता. म्हणजे मी तसं ठरवलं होतं. तो एक वर्ष आठ महिन्यांचा असताना सूनबाई एका रात्री जेवणं आटोपल्यावर म्हणाली, "बाबा, याला एकदा दाखवून आणू या का?" मी हसण्यावारी नेलं. "अगं, तुझा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता. मुलगे उशिराच बोलतात." तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच ऐकवलं. घरातला मास्तर मी, माझ्या शब्दाला वजन. त्या वजनाखाली चार महिने गेले. हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्या चार महिन्यांसाठी.

निदान माझ्याकडे तयार होतं: भाषांची खिचडी. मुलगा-सून दोघंही नोकरीवर. सांभाळायला येणारी अम्मा नलगोंड्याकडची, तिची बोली तेलुगू. खाली वॉचमनची पोरं दखनीत भांडणार. घरात आम्ही मराठी. प्लेस्कूलच्या बाईंनी सल्ला दिला की एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी ठेवा. त्यातलं इंग्रजी सोडून बाकीचं मला पटलं. अम्माला मी बजावलं, बाळाशी तेलुगू बोलायचं नाही. तिला मराठी येत नव्हती, तेव्हा ती बिचारी गप्पच झाली. पोराशी दिवसभर गप्पा मारणारं घरातलं एकमेव माणूस मी मुकं करून टाकलं आणि मोबाइलवर मराठी बालगीतं लावून दिली. लहान मुलाच्या हाती मोबाइल द्यायचा नाही हा नियम माझाच होता. मराठी असेल तर चालेल, हा पोटनियमही माझाच.

उरलेल्या वेळात परीक्षा. "हे काय? सांग बरं. म्हण ना!"

एका सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर कावळा बसला. नातवानं बोट दाखवलं आणि आनंदानं ओरडला, "काकी!" त्याची काकी पुण्यात असते, रविवारी व्हिडिओवर दिसते. मी म्हटलं, "काकी नव्हे रे, काऊ." तो म्हणाला, "काकी." मी पुन्हा, "काऊ." तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. बोट हळूच खाली घेतलं.

दोन वर्षं पूर्ण झाल्यावर सूनबाईनं मला न विचारता तज्ज्ञांची वेळ घेतली. चांगलं केलं. सिकंदराबादला मनोविकासनगरात बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मूळ संस्था वांद्र्याची, १९८३ सालची, नाव अली यावर जंग यांचं. जंग हैदराबादचे आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. वर्गात सामान्यज्ञान म्हणून मी हे वर्षानुवर्षं सांगत आलो, पण अशा ठिकाणी घरातलं पोर न्यावं हे मला सुचलं नाही.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी बोलण्याचा विषयच काढला नाही. आधी कान तपासायला पाठवलं. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण त्यानंतर पोराला किती वेळा सर्दी झाली! दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलेलं निघालं. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं येतं, तसं त्याला ऐकू येत असणार, आणि मी कानाशी "म्हण, म्हण" करत होतो. औषधपाणी झालं, फेरतपासण्या झाल्या, काही आठवड्यांत पडदे मोकळे झाले. डॉक्टरांच्या लेखी विषय मिटला. माझ्या लेखी नाही.

पुढच्या खेपेला मी नातवाला येणाऱ्या शब्दांची यादी घेऊन गेलो. सुवाच्य अक्षरात अकरा शब्द. बाईंनी यादी पाहिली आणि विचारलं, "सांभाळणाऱ्या अम्मांना का नाही आणलं?"

अम्मा आली आणि तिनं पदराची गाठ सोडावी तसे शब्द काढले. नीळ्ळू म्हणजे पाणी. रा म्हणजे ये. वद्दु म्हणजे नको. बुव्व म्हणजे लहान मुलांच्या भाषेत भात. आणि काकि म्हणजे कावळा. सत्तर वर्षं या शहरात काढली, पण माझी तेलुगू बाजारहाटापुरती, आणि कावळा कधी विकत घ्यावा लागला नाही! बुव्वनं तर मला जमिनीत गाडलं. नातू "बुव्वा, बुव्वा" करून रडायला लागला की तो बागुलबुवाला घाबरला असं समजून मी कपाटाचं दार लावायचो आणि त्याला थोपटायचो. पोराला भूक लागलेली असायची.

बाईंनी सगळं जमेस धरलं. मराठी ११, तेलुगू १९, दखनी ९. एकूण ३९. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि दोन शब्द जोडून बोलायला सुरुवात व्हावी, अशी अपेक्षा असते. तेव्हा तो मागे होताच. पण मी तीन विषयांपैकी एकाच विषयाचा पेपर तपासून त्याला नापास केलं होतं. जास्त भाषा कानावर पडल्यामुळे बोलणं लांबत नाही, कोणतीही बंद करू नका, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

माझ्या यादीतून "नक्को" मी हिंदी म्हणून खोडला होता. दखनीतला नक्को आपल्याच "नको"वरून गेलेला, "ऐसाइच"मधला च सुद्धा आपलाच, हे मी मोठ्या वर्गांना शिकवत असे. माझे वडील उस्मानिया विद्यापीठात कायदा उर्दूत शिकले. विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं तेच उर्दू माध्यमात. त्यांचा युक्तिवाद उर्दूत, घरचा जमाखर्च मोडीत, भाजीवालीशी घासाघीस तेलुगूत. वडिलांच्या डोक्यात गोंधळ झाला असं माझ्या आजीला कधी वाटलं नाही.

मग बाईंनी माझा आणि नातवाचा पाच मिनिटं खेळतानाचा व्हिडिओ घेतला आणि मलाच दाखवला. पाच मिनिटांत मी २३ प्रश्न विचारले होते. एकाही प्रश्नानंतर थांबलो नव्हतो. माझा आवाज ऐकून मलाच उत्तर द्यावंसं वाटेना.

मोबाइलची बालगीतं बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला तासाभराहून जास्त नको. पण मला पटवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी २००३ मध्ये केलेला प्रयोग थेरपिस्टनी सांगितला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर बसून चिनी बोलणारी माणसं खेळली, गोष्टी वाचल्या, तेव्हा बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू येऊ लागले. तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच फरक पडला नाही. मी लावलेली बालगीतं आठवली.

अम्माची माफी मी तेलुगूत मागितली. वाक्य चुकलं. तिनं चूक काढली नाही, तेच वाक्य हसत नीट करून म्हटलं आणि "पर्लेदु सार", म्हणजे हरकत नाही सर, म्हणून कामाला लागली. बाई मला तीन आठवडे जे शिकवत होत्या, ते हिला कुणी शिकवलं होतं?

आता मी वाटाणे सोलायला बसतो, नातू समोर. प्रश्न नाहीत. "शेंग फोडली. फट्! दाणा पळाला, टुणकन पळाला." आणि गप्प. मनात दहापर्यंत मोजायचं. मास्तराला दहापर्यंत गप्प बसणं किती जड जातं ते मास्तरांनाच ठाऊक. कधी सातलाच मी फुटतो. "हे काय?" अजूनही तोंडातून निसटतं, मग सूनबाई स्वयंपाकघरातून नुसतं खाकरते.

परवा कावळा आला. कठड्यावर बसला, मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि गेला. मी मोजत होतो. आठ झाले, नऊ झाले.

"आबा, काकी गेली."

"हो रे," मी म्हटलं, "काकी गेली. भुर्रकन उडून गेली."

"भुल्ल," तो म्हणाला, आणि दाणे माझ्या ताटलीतून स्वतःच्या वाटीत ओढू लागला.