आठवणीतला कंदील

आत्मचरित्र, आत्मकथन आणि आठवणी हे शब्द मराठीत बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात; परंतु आत्मचरित्रात आयुष्याची कालानुक्रमे आणि काहीशा जबाबदारीने केलेली मांडणी अपेक्षित असते, आत्मकथनात सांगणाऱ्याबरोबर त्याचा समाजही बोलत असतो, तर आठवणींवर असले कोणतेच बंधन नसते. घरातल्या पुढच्या पिढीसाठी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली जीवनकहाणी या तिहींपैकी एकाही खणात नीट बसत नाही. तिला छापखाना लागत नाही आणि तिचे श्रोते बोटांवर मोजण्याइतके असतात, म्हणून तिच्यात खोट्याला वाव नसतो असा जो समज आहे, तो प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाला मात्र उतरला नाही.

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी लेखकाने हे काम हाती घेतले, तेव्हा आधी सगळे वहीत लिहून काढावे आणि मग फोनसमोर वाचावे, असा बेत होता. पहिली फीत ऐकल्यावर ती सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभातील भाषणासारखी वाटली (असली भाषणे लेखकाने नोकरीत पुष्कळ ऐकली आहेत), म्हणून वही बाजूला ठेवून नातीने प्रश्न विचारावेत आणि सुचेल तसे उत्तर द्यावे, असे ठरले. लिहिताना माणूस स्वतःला नेटके करून घेतो. विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीतला आपला प्रवास १८८३मध्ये, म्हणजे पंचवीसएक वर्षांनी लिहिला आणि चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्या मजकुरावर संपादकाचाही हात फिरला होता; मूळ हस्तलिखितानुसार आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढली. घरगुती निवेदनाला असा संपादक लाभत नाही, त्यामुळे ते काम स्मृती स्वतःच, कोणाला न विचारता, करून टाकते.

याचा प्रत्यय सातव्या बैठकीत आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या वेळी लेखक नऊ वर्षांचा असून नारायण पेठेतील एका वाड्यात राहत होता. पाणी आले, आईने कंदील उचलला, त्याच्या उजेडात सगळे माळ्यावर चढले, हा प्रसंग घरातल्या लग्नामुंजींत इतक्या वेळा सांगून झाला होता की ध्वनिमुद्रणातही तो अडखळल्याविना उतरला. त्यावर नातीने एवढेच विचारले, ‘आजोबा, दिवसा कंदील कशाला?’ बांधकाम पुरे व्हायचे असलेले ते मातीचे धरण सकाळी फुटले होते, आणि पुण्यात पाणी शिरले तेही दिवसाउजेडी. कंदील खरा होता, पण तो नंतरच्या रात्रींचा. वीज गेलेली, आणि त्याच दिवशी खडकवासल्याचेही धरण फुटल्याने नळ कोरडे पडलेले, अशा त्या दिवसांतला कंदील स्मृतीने उचलून थेट पुराच्या सकाळी नेऊन टांगला होता. दोन वेगवेगळ्या वेळांचे तपशील एका प्रसंगात मिसळून जाण्याच्या या क्रियेला स्मृतिसंकर म्हणता येईल. ते खोटे बोलणे नव्हे, परंतु त्याला खरे म्हणणेही अवघड आहे.

दुरुस्त केलेला प्रसंग पुन्हा सांगून ध्वनिमुद्रित करावा, असे घरच्यांचे मत पडले. लेखकाला ते पटले नाही. आईच्या हातातला कंदील साठ वर्षे ज्याच्या डोळ्यांसमोर होता, त्याची कहाणी कंदिलाशिवाय सांगणे हीसुद्धा सफाईच झाली असती. मूळ ध्वनिफीत तशीच ठेवून तिच्यापुढे तारखेसह खुलासा जोडण्यात आला.

त्याच बैठकीत, ज्याला लेखक सांगण्याजोगे समजतच नव्हता, असे काही निघाले. पूर ओसरल्यावर वाड्यात ढोपरभर चिखल होता आणि त्यातून निघालेली तांब्यापितळेची भांडी कोणाची, हे त्यांच्यावर कोरलेल्या नावांवरून ठरले. भांड्यांवर नाव घालण्याची, म्हणजे छिन्नीने टिंबे ठोकून देणाऱ्याचे किंवा मालकाचे नाव उमटवण्याची, रीत तेव्हा घरोघरी होती. लेखकाच्या आजीचे माहेरचे नाव ना सातबाऱ्यावर होते ना रेशनकार्डावर. ते एका पितळी पातेल्याच्या काठाखाली तेवढे होते, आणि त्यातला एक अनुस्वार ठोकणाऱ्याच्या हातून भलत्याच अक्षरावर पडला होता. ते पातेले पुढे अनेकदा कल्हईला गेले, कल्हईवाल्याने भाता चालवत, नवसागराचा धूर काढत त्याला आतून कथलाचा हात दिला. कल्हई आतून होत असल्याने बाहेरचे नाव मात्र शाबूत राहिले. नातीने ते नाव मोठ्याने वाचताना अनुस्वार चुकीच्याच अक्षरावर उच्चारला, आणि ती फीत तशीच जपून ठेवली आहे.