चौकटीतला ‘बे’

ज्याला ना पडदा, ना की-बोर्ड, असा कॉम्प्युटर कधी पाहिलाय का? धरमपेठेतल्या आमच्या चौथीच्या वर्गात आहे! नाव रास्पबेरी पाय. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ साली बाजारात आणला. दिसायला हिरवी पाटी, आकार एटीएम कार्डाएवढा. हुशार, पण मुका! म्हणून आम्ही त्याला टपाल तिकिटाएवढा पडदा आणि ‘पुढे’ व ‘मागे’ अशी दोन बटणं जोडायचं ठरवलं. त्याच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे होते ना!

पाटीच्या कडेला ४० पिना असतात. पडद्याला त्यातल्या चारच पुरतात. दोन वायरी वीजपुरवठ्याच्या, तिसरी निरोपाची आणि चौथी कवायतीतल्या ‘एक-दोन’सारखा ताल धरणारी. बटणाचं गणित आणखी सोपं. दाबलं नाही तर १, दाबलं की ०. पण गंमत अशी, की बटणातल्या पट्ट्या टेकताना किंचित उसळतात आणि एकदा दाबलेलं तीनदा मोजलं जातं. म्हणून प्रोग्रॅमला सांगायचं, ‘सेकंदाचा विसावा भाग थांब रे बाबा!’

पडदा उजळला. दोनाचा पाढा आला, पण आकडे इंग्रजी. नेहमी गप्प बसणारी एक मुलगी एकदम म्हणाली, “मॅडम, हा इंग्रजीच काहून दाखवून राहिला?”

प्रश्न खरा होता. त्या प्रोग्रॅममध्ये तयार अक्षरं इंग्रजीच होती. पडद्याला मात्र कुठलीच भाषा येत नाही. त्याला ठाऊक फक्त ठिपके. आडवे १२८, उभे ६४, म्हणजे एकूण ८,१९२!

मग निघाल्या गणिताच्या वह्या. १६ बाय १६ चौकटींत एक अक्षर. भरलेली चौकट १, रिकामी ०. मुलांनी शून्यापासून नऊपर्यंत मराठी अंक रेखले. ‘बे’ मात्र त्या मुलीनेच मागून घेतला. ‘ब’ची गोलाई जिन्यासारखी दिसू लागली, मात्रा वरच्या कडेबाहेर जाऊ लागली. खोडलं, पुन्हा भरलं. चौथ्या खेपेला जमलं! तिनेच ‘पुढे’ दाबलं आणि पडद्यावर उमटलं, ‘बे एके बे’. अख्ख्या वर्गाने पाढा धरला. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, सांगायला नकोच!

तुम्हीही वही काढा, आपल्या नावाचं पहिलं अक्षर १६ बाय १६ चौकटींत बसवून बघा. ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ असेल, तर खोडरबर जवळ ठेवा बरं का!